त्रिमितीय मॉडेलिंग शिकताना या चुका टाळा

कप, स्टूल, टेबललॅम्प, पाण्याची बाटली अशा रोजच्या वापरातील वस्तू त्रिमितीय सॉफ्टवेअरमध्ये घडवायला शिकणाऱ्यांची कामे मी नेहमी तपासतो. वस्तू कोणतीही असो, तक्रारी ठरलेल्या असतात: कडा असमान आल्या, पृष्ठभागावर काळपट रेघ उमटली, त्रिमितीय छपाईला दिलेले मॉडेल पडद्यावर सापडतच नाही. विद्यार्थी सॉफ्टवेअरला दोष देतो आणि एखादे नवे ॲड-ऑन शोधू लागतो. प्रत्यक्षात बिघाड बहुतेक वेळा अगदी सुरुवातीच्या काही मिनिटांतच झालेला असतो. पुढील मजकुरातील आज्ञांची नावे ब्लेंडर या त्रिमितीय सॉफ्टवेअरमधील आहेत. इतर सॉफ्टवेअरमध्ये नावे वेगळी असतील, चुका मात्र याच आढळतील.

वस्तू न मोजता सुरुवात करणे

कप समोर टेबलावर असतो, तरीही मॉडेल आठवणीतून केले जाते. मग कान कपाच्या मानाने मोठा होतो, भिंत कागदासारखी पातळ राहते आणि तळाची ती छोटी कडा, जिच्यावर कप खरोखर उभा असतो, ती पूर्णपणे विसरली जाते. मार्टिन न्यूएल यांनी १९७५ मध्ये युटा विद्यापीठात संगणक-चित्रणासाठी चहाची किटली घडवली, तेव्हा त्यांनी आधी आलेखाच्या कागदावर खऱ्या किटलीचे रेखाटन केले होते. त्या मूळ मॉडेललाही तळ नव्हता, हा भाग वेगळा. माझी सवय साधी आहे. फूटपट्टीने उंची, तोंडाचा व्यास आणि तळाचा व्यास मोजायचा, जाडीसाठी व्हर्नियर कॅलिपर वापरायचा आणि हे आकडे कागदावर लिहूनच संगणक सुरू करायचा. संदर्भासाठी छायाचित्र वापरायचे असल्यास ते दुरून, झूम करून काढावे, कारण जवळून काढलेल्या छायाचित्रात पुढचा भाग फुगलेला दिसतो आणि तो फुगवटा विद्यार्थी इमानेइतबारे मॉडेलमध्ये उतरवतात.

स्केल लागू न करणे

ही चूक मला सर्वाधिक वेळा दिसते, म्हणून थोडी आकडेमोड करून दाखवतो. ब्लेंडरमध्ये आपण नवा घन घेतो तो प्रत्येक बाजूने २ मीटरचा असतो. त्यातून १.२ मीटर लांब, ६० सेंटीमीटर रुंद आणि २ सेंटीमीटर जाड अशी टेबलाची फळी करायची आहे, म्हणून विद्यार्थी ऑब्जेक्ट मोडमध्येच, म्हणजे अख्खी वस्तू एकत्र हाताळण्याच्या स्थितीत, घन हवा तसा दाबतो. फळी दिसायला अचूक होते. पण बाजूच्या पट्टीत स्केलचे आकडे ०.६, ०.३ आणि ०.०१ असे उरतात, म्हणजे सॉफ्टवेअरच्या लेखी तो अजूनही २ मीटरचा घनच असतो, फक्त दाबून दाखवलेला. आता कड गोलसर करण्यासाठी ५ मिलिमीटरचे बेव्हल दिले, की ते प्रत्येक दिशेला त्या-त्या स्केलने आक्रसते: लांबीच्या दिशेला ३ मिलिमीटर, रुंदीच्या दिशेला १.५ आणि जाडीच्या दिशेला अवघे ०.०५ मिलिमीटर. त्यानंतर विद्यार्थी बेव्हलचा आकडा वाढवत बसतो आणि कडा अधिकच विचित्र होत जातात.

उपाय एका क्षणाचा आहे. ऑब्जेक्ट मोडमध्ये कंट्रोल आणि ए दाबून स्केल लागू करावे. तिन्ही आकडे १ झाले, की बेव्हल सगळीकडे सारखे येते. मी तर कोणताही मॉडिफायर (मूळ आकार तसाच ठेवून त्यावर परिणाम चढवणारे साधन) लावण्याआधी बाजूची पट्टी उघडून स्केलकडे एक नजर टाकतोच. बेव्हल बिघडले की आकडा बदलण्याऐवजी आधी स्केल पाहा, हे इतक्यांदा सांगून झाले आहे की आता मी नुसते त्या पट्टीकडे बोट दाखवतो.

रद्द केलेले एक्सट्रूड

एका विद्यार्थ्याच्या कपाच्या तोंडाशी बारीक काळी रेघ येत होती. त्याने प्रकाशाची जागा बदलली, आणखी दोन दिवे लावले, मटेरियल अधिक चकचकीत केले आणि शेवटी कॅमेरा असा वळवला की तोंडाची ती बाजू चित्रात येणारच नाही. काम माझ्याकडे आले ते त्याच कोनातून काढलेल्या चित्राच्या रूपाने. मी मूळ फाइल मागवली, एडिट मोडमध्ये (वस्तूचे बिंदू आणि कडा हाताळण्याच्या स्थितीत) कडेवरचा एक व्हर्टेक्स, म्हणजे कोपऱ्याचा बिंदू, निवडला आणि थोडा बाजूला सरकवला. त्याच्या खाली हुबेहूब त्याच जागी दुसरा व्हर्टेक्स होता. तोही सरकवला, तर त्याखाली आणखी होतेच. सगळे निवडून मर्ज बाय डिस्टन्स ही जवळजवळचे बिंदू एकत्र करणारी आज्ञा चालवली, तेव्हा ९६ व्हर्टेक्स काढल्याची सूचना आली. कप ३२ बाजूंच्या सिलिंडरपासून केलेला होता, म्हणजे तोंडाची कड तीन वेळा एक्सट्रूड करून (तिच्यातून नवा भाग ओढून काढून) तिन्ही वेळा विचार बदलला होता. “पण मी तर ते रद्द केलं होतं, सर,” हे त्याचे उत्तर होते, आणि त्यात तो प्रामाणिक होता.

एक्सट्रूडची आज्ञा देताच नवे व्हर्टेक्स तयार होतात आणि त्यानंतर ते सरकवण्याची क्रिया सुरू होते. उजवे क्लिक किंवा एस्केप केल्याने रद्द होते ते फक्त सरकवणे. नवे व्हर्टेक्स जुन्यांवर तसेच बसून राहतात आणि त्यांच्यामध्ये शून्य क्षेत्रफळाच्या पट्ट्या तयार होतात. म्हणून एक्सट्रूड नको असेल तर रद्द केल्यावर लगेच कंट्रोल आणि झेड दाबावे. जुन्या फाइलसाठी मर्ज बाय डिस्टन्स आहेच, परंतु त्यात आधीपासून ठरलेले अंतर ०.०००१ मीटर, म्हणजे मिलिमीटरचा दहावा भाग असते, ते उगाच वाढवू नये. घाईत ते वाढवून बाटलीच्या झाकणावरचे बारीक आटे वितळवून टाकणारेही मी पाहिले आहेत.

गुळगुळीतपणाची घाई

एडविन कॅटमुल आणि जिम क्लार्क यांनी १९७८ मध्ये मांडलेली सबडिव्हिजनची, म्हणजे पृष्ठभागाचे चौकोन आणखी लहान चौकोनांत विभागून तो गुळगुळीत करण्याची, पद्धत आजही रोज वापरली जाते, आणि नवशिक्यांकडून रोज बिघडवली जाते. प्रत्येक पातळीला चौकोनांची संख्या चौपट होते. घनाचे ६ चौकोन पहिल्या पातळीला २४, दुसऱ्या पातळीला ९६ आणि सहाव्या पातळीला २४,५७६ होतात. हा मॉडिफायर जोवर वर नुसता चढवलेला आहे तोवर काहीच बिघडत नाही, कारण खाली व्हर्टेक्स आणि चौकोनांची मूळ मोजकी जाळी शाबूत असते. परंतु कप छान दिसला म्हणून जो मॉडिफायर कायमचा लागू करून टाकतो, त्याला पुढे कान जोडायचा असतो तेव्हा हजारो व्हर्टेक्स हाताने हलवावे लागतात, आणि पृष्ठभागावर खळगे पडतात ते त्यातूनच. कान जोडायच्या जागी कपाच्या जाळीत किती चौकोन लागतील, हे आधीच ठरवावे. कानाच्या टोकाला आठ व्हर्टेक्स असतील, तर कपावरच्या भोकाच्या कडेलाही आठच हवेत. इथे बूलियनने (दोन आकार थेट एकमेकांत मिसळणाऱ्या साधनाने) कान चिकटवण्याचा सोपा मार्ग बहुतेकांना मोहात पाडतो. जोडाभोवती सुरकुत्या दिसू लागल्या की मग त्यांना जाळी आठवते.

किरकोळ वाटणाऱ्या काही गोष्टी

खऱ्या वस्तूची कड कधीच पूर्ण धारदार नसते, त्यामुळे अर्ध्या मिलिमीटरचे का होईना, बेव्हल द्यावे.

फेस ओरिएंटेशन (पृष्ठभागाच्या दिशा रंगाने दाखवणारी सोय) चालू केल्यावर बाहेरचा भाग तांबडा दिसला, तर नॉर्मल, म्हणजे पृष्ठभागाच्या बाहेरच्या दिशा, उलटे आहेत. सगळे फेस (पृष्ठभाग) निवडून शिफ्ट आणि एन दाबावे.

मिरर मॉडिफायरमध्ये (अर्ध्या वस्तूचे आरशासारखे प्रतिबिंब काढणाऱ्या) क्लिपिंग, म्हणजे मधल्या रेषेवर बिंदू अडवणारी सोय, सुरू ठेवावी, नाहीतर मधोमध फट राहते.

त्रिमितीय छपाईसाठी वापरल्या जाणाऱ्या एसटीएल फाइलमध्ये एककाची नोंद नसते आणि बहुतेक स्लायसर (मॉडेल छपाईसाठी थरांत कापणारी सॉफ्टवेअर) आकडे मिलिमीटरमध्ये वाचतात, म्हणून ०.१ मीटर उंचीचा कप तिथे ०.१ मिलिमीटरचा ठिपका होऊन बसतो. निर्यात करताना स्केल १००० ठेवावे आणि फाइल छपाईला पाठवण्याआधी स्लायसरमध्ये दिसणारी उंची कागदावरच्या उंचीशी ताडून पाहावी.