मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह: पदवीचे विषय निवडताना

महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत नव्या शैक्षणिक धोरणाची रचना आधी स्वायत्त महाविद्यालयांत, 2023-24 पासून आली. पुढच्या वर्षी ती संलग्न महाविद्यालयांतही लागू झाली. बीए, बीकॉम, बीएस्सीला प्रवेश घेतला की विषय निवडीचा एक फॉर्म हातात पडतो. त्यात मेजर (मुख्य विषय), मायनर (दुय्यम विषय), ओई (ओपन इलेक्टिव्ह, म्हणजे दुसऱ्या विद्याशाखेतला विषय), व्हीएससी आणि एसईसी (कौशल्याचे विषय), एईसी (भाषा), व्हीईसी (मूल्यशिक्षण), आयकेएस (भारतीय ज्ञान प्रणाली) असे रकाने असतात. मेजर मिळाला म्हणजे काम झालं असं समजून बाकीचे रकाने मैत्रिणीने भरले तसे भरले जातात. त्याचा फटका तिसऱ्या वर्षी बसतो, एमएस्सी किंवा एमएच्या पात्रतेच्या अटी वाचताना.

आधी क्रेडिटचा, म्हणजे विषयाच्या अभ्यासाचं वजन मोजणाऱ्या एककाचा, हिशेब समजून घ्या. एका सत्राला साधारण 22 क्रेडिट, म्हणजे तीन वर्षांच्या सहा सत्रांत 132 आणि चार वर्षांच्या ऑनर्सला 176. थिअरीचं 1 क्रेडिट म्हणजे 15 तास, प्रात्यक्षिकाचं 30 तास. त्यामुळे 2 क्रेडिटचा थिअरीचा विषय आठवड्याला दोन तासिका घेतो आणि 2 क्रेडिटचं प्रॅक्टिकल चार तास. वेळापत्रक कुठे फुगणार हे यावरूनच कळतं. पहिल्या सत्राची एक नेहमीची मांडणी अशी: मेजर 6, ओपन इलेक्टिव्ह 2 आणि 2, कौशल्याचे दोन विषय 2-2, भाषा 2, मूल्यशिक्षण 2, भारतीय ज्ञान प्रणाली 2, सहअभ्यास (खेळ, एनएसएससारखे उपक्रम) 2. एकूण 22. तुमच्या कॉलेजात आकडे थोडे इकडेतिकडे असतील. बऱ्याच ठिकाणी पहिल्या वर्षी तीन विषय घेऊन मेजर दुसऱ्या वर्षी ठरतो, म्हणून फॉर्म भरण्याआधी विभागाकडून आपल्या कोर्सचा क्रेडिट तक्ता मागून घ्या.

खरा निर्णय मायनरचा असतो. मेजरला एकूण क्रेडिटच्या निम्म्याहून थोडे जास्त जातात, मायनरला साधारण 18 ते 20. मायनर त्याच विद्याशाखेतला घेता येतो आणि वेगळ्या विद्याशाखेतलाही. इथे उलट्या बाजूने विचार करा: पदवीनंतर जे करायचं आहे, त्याची पात्रता आज वाचा. भौतिकशास्त्राच्या एमएस्सीला बऱ्याच ठिकाणी पदवीला गणित असावं लागतं. मेजर भौतिकशास्त्र आणि मायनर इलेक्ट्रॉनिक्स घेतलेल्या मुलाला तो दरवाजा बंद मिळू शकतो. अर्थशास्त्र मेजर असेल आणि पुढे एमए करायचं असेल, तर संख्याशास्त्र किंवा गणिताचा मायनर इकॉनोमेट्रिक्सच्या (आर्थिक आकडेवारीच्या गणिती विश्लेषणाच्या) पेपरला हात देतो. इतिहास आणि राज्यशास्त्र ही जोडी स्पर्धा परीक्षांसाठी लोकप्रिय आहे. राज्यसेवेच्या पूर्वपरीक्षेला कोणतीही पदवी चालते, तेव्हा केवळ परीक्षेसाठी म्हणून मायनर निवडायची गरज नाही. बीएड करायचं असेल तर शाळेत शिकवला जाणारा विषय मेजर किंवा मायनरमध्ये असलेला बरा.

मायनर बदलायला मुदत असते आणि ती लहान असते. आधीच्या सत्राचे क्रेडिट नव्या मायनरमध्ये धरले जात नाहीत, ते पुन्हा मिळवावे लागतात. शंका असेल तर पहिल्याच सत्रात विचारा.

ओपन इलेक्टिव्ह मात्र मेजरच्या विद्याशाखेबाहेरचाच घ्यावा लागतो. विज्ञानाच्या मुलाला वाणिज्य किंवा मानव्यविद्या, आणि उलटही. इथे दोन गोष्टी नेहमी अडतात. पहिली, जागा: तुकडीला विद्यार्थ्यांची कमाल मर्यादा असते आणि किमानही. 'पर्सनल फायनान्स'सारखा विषय अर्ध्या दिवसात भरतो, आणि कमी नावं आली तर विषय चालूच होत नाही. म्हणून फॉर्मवर तिसरी पसंतीही मनापासून भरा, ती पदरात पडू शकते. दुसरी, वेळ: प्रॅक्टिकलच्या बॅचशी ओईची तासिका भिडते. वेळापत्रक लागण्याआधी आपली बॅच कोणत्या दिवशी आहे हे प्रयोगशाळेतून पक्कं करा.

विषयाच्या नावावर जाऊ नका. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर अभ्यासक्रमाची पीडीएफ असते. त्यातल्या चार जागा बघा. विषयाचा कोड आणि क्रेडिट, पूर्वअट (बारावीला गणित हवं का, हे बहुतेकदा एकाच ओळीत असतं), घटकांपुढचे तास, आणि अंतर्गत-बाह्य गुणांची विभागणी. 2 क्रेडिटचा विषय साधारण 50 गुणांचा. अनेक विद्यापीठांत अंतर्गत आणि बाह्य परीक्षेत वेगवेगळं पास व्हावं लागतं. लेखी पेपर उत्तम गेला तरी असाइनमेंट दिली नाही म्हणून एटीकेटी लागते, म्हणजे तो विषय राहतो आणि पुन्हा सोडवावा लागतो.

कॉलेजात नसलेला विषय स्वयम या केंद्र सरकारच्या ऑनलाइन कोर्सच्या पोर्टलवरून घेता येतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) नियमाने एका सत्रातल्या 40 टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम असे ऑनलाइन चालतात. क्रम चुकला तर मेहनत वाया जाते, म्हणून तो पाळा. आधी विभागाची लेखी परवानगी, मग नोंदणी, मग असाइनमेंट, आणि त्यानंतर परीक्षेचा वेगळा अर्ज व शुल्क. सगळे व्हिडिओ पाहिले, पण परीक्षेचा अर्जच भरला नाही, अशी मुलं दर सत्राला भेटतात. त्यांना एकही क्रेडिट मिळत नाही. स्वयमवरच्या एनपीटीईएल या आयआयटींच्या उपक्रमाच्या 12 आठवड्यांच्या कोर्सला असाइनमेंटचे 25 आणि परीक्षेचे 75 गुण असतात. 12 पैकी सर्वोत्तम 8 असाइनमेंट धरतात, आणि पास व्हायला 25 पैकी 10 व 75 पैकी 30 दोन्ही लागतात.

हे सारे क्रेडिट अ‍ॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये, म्हणजे क्रेडिटच्या सरकारी ऑनलाइन खात्यात, जमा होतात. डिजिलॉकरवरून 12 अंकी आयडी काढायचा. तिथे आधारवरचं नाव आणि दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव जुळलं पाहिजे. वडिलांचं नाव एकीकडे आहे आणि दुसरीकडे नाही, आडनाव आधी की नंतर, स्पेलिंगमध्ये 'व्ही' की 'डब्ल्यू', एवढ्यावरून क्रेडिट अडकतात. दुरुस्ती प्रवेशाच्या वेळीच करा, निकालाच्या तोंडावर आधार केंद्रावर रांग लावायची वेळ येऊ देऊ नका.

पहिल्या वर्षानंतर थांबायचं झालं तर वर्षाचे 40 ते 44 क्रेडिट आणि वर 4 क्रेडिटचा कौशल्य कोर्स किंवा इंटर्नशिप केल्यावर प्रमाणपत्र मिळतं. दोन वर्षांनंतर याच पद्धतीने पदविका. तीन वर्षांच्या आत परत येता येतं आणि पदवी एकूण सात वर्षांत पूर्ण करावी लागते. संशोधनासह ऑनर्सला पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के लागतात, तेव्हा ज्याला तिकडे जायचं आहे त्याने पहिल्या सत्राचे गुण हलके घेऊ नयेत.

सही केलेला विषय निवडीचा फॉर्म देण्याआधी त्याची छायाप्रत काढा आणि कॉलेजाचा शिक्का मारून घ्या. आपल्या बॅचच्या सर्व विषयांच्या अभ्यासक्रमाच्या पीडीएफ वर्षानुसार जपून ठेवा. अभ्यासक्रम बदलला की जुना संकेतस्थळावरून उतरतो, आणि दुसऱ्या विद्यापीठात किंवा परदेशात प्रवेश घेताना नेमका तोच मागतात.