पाने वाळण्याआधी करांद्याच्या वेलांना खूण बांधा

परतीचा पाऊस ओसरला की पाटण, जावळी, शिराळ्याच्या डोंगरउतारावर करांद्याचे, म्हणजे एका खायच्या रानकंदाचे, वेल पिवळे पडू लागतात. कंद काढायचे ते मार्गशीर्ष-पौषात, वेल पूर्ण वाळल्यावर. ओळख मात्र आत्ताच पटवून ठेवा. वाळल्यावर सगळे वेल सारखेच दिसतात आणि खणताना झालेली चूक जिवावर बेतते.

करांद्याचे पान एकेकटे, हृदयाच्या आकाराचे असते आणि पानाच्या बेचक्यात बटाट्यासारखे करांदे लागलेले दिसतात. अशा खात्रीच्या वेलांना रंगीत चिंधी बांधा. तीन दलांचे पान आणि काटेरी खोड दिसले, तर जाणत्या माणसाला दाखवल्याशिवाय हात लावू नका. त्यातली एक जात फार विषारी आहे. कळलावी या विषारी वेलीपासून तर लांबच राहा. तिच्या पानाचे टोक कुरळे होऊन आधाराला धरते, कंद दोन फाट्यांचा असतो. त्यातले कोल्चिसिन हे विष शिजवूनही जात नाही.

करांद्याच्या औषधी गुणांची चर्चा हल्ली मोबाईलवर फार फिरते. त्यात तथ्य आहे. पुणे विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१२ मध्ये या कंदाच्या अर्कातून चांदीचे अतिसूक्ष्म कण तयार केले. प्रतिजैविकांच्या जोडीला ते दिल्यावर जिवाणूंवरचा परिणाम वाढला. पण हा प्रयोगशाळेतला प्रयोग होता. त्यावरून कंद उगाळून जखमेवर लावणे किंवा तापात डॉक्टरांची गोळी बंद करून करांदे खाणे, हे कृपा करून करू नका.

कडू करांद्यात यकृताला अपाय करणारी द्रव्ये असतात. म्हणून जुनी माणसे चकत्या करून राखेच्या पाण्यात उकळतात, पाणी टाकून देतात आणि चकत्या वाहत्या पाण्यात ठेवतात. ही मेहनत वाचवू नका. एवढे करूनही कडवटपणा राहिला तर सरळ फेकून द्या. गरोदर बायका, लहान मुले आणि काविळीतून उठलेल्यांना कडू जात देऊच नका. सुरणाची खाज वेगळी, ती कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुयांसारख्या स्फटिकांची. चिंच किंवा आमसूल घालून नीट शिजवला की बाधत नाही.

चांदोली आणि कोयनेच्या राखीव जंगलात खणायला जाऊ नका. बांधावरच लावा. वेलावरचे टणक करांदे आत्ता वेचून कोरड्या, हवेशीर जागी ठेवा. मृगाच्या पावसात फूटभर खड्ड्यात शेणखत घालून, पाणी न साचणाऱ्या जागी, पांगारा किंवा शेवग्याच्या आधाराने लावा. कंद खणताना डोळ्यासकट वरचा तुकडा परत मातीत पुरा.

एकरभर लागवडीचा विचार करत असाल तर थांबा. सांगलीच्या हळदीला पेठ आहे, २०१८ पासून भौगोलिक मानांकनही आहे; करांद्याला तशी पेठ नाही. घरापुरते चार-सहा वेल आणि उरले तर आठवडी बाजार, एवढेच धरून चाला.