डवकॉटचं रेप्लिकेशन अडतंय? होस्टनेमच्या या चुका टाळा

दोन मेल सर्व्हर, दोन्हींवर मेल साठवून ठेवणारा डवकॉट २.३ आणि एकीकडची मेल दुसरीकडे उतरवणारं रेप्लिकेशन. सेटिंग ओळ न ओळ तपासलेली, फायरवॉल मोकळी. तरी इनबॉक्समध्ये एकेका मेलच्या दोन-दोन प्रती आणि लॉगमध्ये लॉक मिळत नसल्याची रड. अख्खी रात्र मी कॉन्फिग खालीवर करण्यात घालवली. दोष तिथे नव्हताच. दुसरा सर्व्हर पहिल्याचा क्लोन (हुबेहूब प्रत) काढून उभा केला होता आणि त्याचं होस्टनेम, म्हणजे मशीनचं नाव, बदलायचं राहून गेलं होतं.

एकाच मेलबॉक्सवर दोन्हीकडून एकदम हात पडू नये म्हणून डीसिंक (दोन्हीकडची मेल जुळवणारा डवकॉटचा भाग) लॉक लावतो. तो कुठल्या बाजूने लावायचा, हे दोघांच्या होस्टनेमची तुलना करून ठरतं. दोघंही ‘मेल१’ असतील तर लॉकिंगचं गणितच बिघडतं. आयपी वेगळे असून भागत नाही.

मेलडिर (प्रत्येक मेलची वेगळी फाइल ठेवायची पद्धत) वापरत असाल तर पडताळा सोपा आहे. नुकत्याच आलेल्या मेलची फाइल बघा. नावात आधी सेकंदांचा लांबलचक आकडा, मग एम आणि पी लावलेले आकडे आणि त्यापुढे होस्टनेम. दोन्ही सर्व्हरवर ताज्या मेलमध्ये तेच नाव दिसलं की चोर सापडला. (जुन्या फाइलींवर जाऊ नका, त्या क्लोनबरोबर आलेल्या असतात.)

‘होस्टनेमसीटीएल’ या कमांडने नाव बदललं, पण डवकॉट नुसता रीलोड केला, ही पुढची चूक. सरळ रीस्टार्ट करा.

सगळ्यात फसवी जागा म्हणजे होस्ट्स फाइल, म्हणजे कुठलं नाव कुठल्या आयपीचं याची मशीनवरची यादी. डेबियन आणि उबुंटू स्वतःचं नाव तिथे १२७.०.१.१ ला, म्हणजे मशीनच्या स्वतःच्याच पत्त्याला, बांधतात. क्लोनमध्ये ती ओळ जशीच्या तशी येते. मग दुसरा सर्व्हर ‘मेल१’ला हाक मारतो आणि ओ देतो तो स्वतःच! इथे नावाचा आयपी शोधणाऱ्या ‘डिग’ कमांडवर विसंबू नका, तो होस्ट्स फाइल वाचतच नाही. ‘गेटेंट होस्ट्स मेल१’ चालवा. क्लाउड मशीन असेल तर क्लाउड-इनिटचं (मशीन सुरू होताना सेटिंग लावणाऱ्या प्रोग्रामचं) ‘मॅनेज इटीसी होस्ट्स’ही बघून घ्या. ते चालू असेल तर हाताने केलेली दुरुस्ती रीबूटनंतर पुसली जाते.

दोन सर्व्हरमधली जोडणी ‘टीसीपीएस’ची, म्हणजे एन्क्रिप्टेड, असेल तर मेल-रेप्लिका या सेटिंगमध्ये लिहिलेलं दुसऱ्या सर्व्हरचं नाव त्याच्या सर्टिफिकेटमध्येही हवं. तिथे नुसता आयपी टाकून मोकळे होऊ नका.

नावं सुधारली की ‘डवअ‍ॅडम रेप्लिकेटर स्टेटस’ या कमांडमध्ये सिंकला नापास झालेली खाती बघा आणि फुल सिंक लावा. आधीच झालेल्या दुहेरी प्रती मात्र आपोआप जात नाहीत. त्यांच्यासाठी ‘डवअ‍ॅडम डीडुप्लिकेट’ आहे, पण तो पहिल्यांदा स्वतःच्या मेलबॉक्सवर चालवून बघा, साहेबांच्या नव्हे. आणि ‘अपग्रेड केलं की सुटेल’ म्हणून २.४ वर उडी मारू नका. त्या आवृत्तीतून रेप्लिकेटरच काढून टाकलाय.