‘वासाल’ म्हणजे मांडलिक नव्हे: ‘शांसाँ द रोलाँ’ वाचताना या चुका टाळा

‘शांसाँ द रोलाँ’ हे जुन्या फ्रेंचमधलं वीरकाव्य. बाराव्या शतकातल्या ऑक्सफर्ड हस्तलिखितात त्याच्या सुमारे ४,००० ओळी आहेत. त्यात ‘वासाल’ आणि त्यावरून झालेलं ‘वासलाज’ हे शब्द पुन्हा पुन्हा येतात. शब्दकोशात वासाल म्हणजे ‘मांडलिक’ असं सापडतं, वाचक तोच अर्थ सगळीकडे लावतो आणि काव्याचा कणाच मोडतो.

ओळ १०९३-१०९४ पाहा. सम्राट शार्लमेनच्या सैन्यातले दोन सरदार आणि जिवलग मित्र: रोलाँ शूर आहे, ऑलिव्हिए शहाणा आहे, आणि दोघांचीही ‘वासलाज’ अचाट आहे. इथे ‘दोघांचंही मांडलिकत्व अचाट’ असं लिहून पाहिलं की चूक लगेच कळते. अर्थ आहे मर्दुमकी. बरेच जण पहिलीच ओळ उद्धृत करून थांबतात आणि ऑलिव्हिएला नुसता सावध सल्लागार ठरवतात. म्हणून या दोन ओळी कधीही तोडू नका. शौर्यात तो तसूभरही कमी नाही, हे दुसरी ओळच सांगते. पुढे १७२४ व्या ओळीत तोच ऑलिव्हिए रोलाँला सुनावतो, की शहाणपणाने केलेली वासलाज म्हणजे वेडेपणा नव्हे. वाद आहे तो या शब्दात काय काय बसतं याचा. तिथे ‘आवेश’ किंवा ‘धाडस’ असा शब्द घातलात, तर ऑलिव्हिएचं म्हणणंच पुसलं जातं.

हा शब्द फक्त शार्लमेनच्या बाजूच्या वीरांसाठी आहे, असंही समजू नका. ओळ २५ मध्ये शत्रूपक्षातल्या सारासेन (मुस्लिम) ब्लाँकाँद्रँच्या वासलाजेची वाखाणणी आहे. ओळ ३५२ मध्ये तर गानेलाँला, म्हणजे पुढे दगा देणाऱ्याला, त्याची माणसं ‘थोर वासाल’ म्हणून आठवतात. इथे उपरोध शोधू नये. कवीला त्याची योग्यता खरीच दाखवायची आहे, म्हणून तर त्याचा दगा इतका झोंबतो. हीन, गुलामी वृत्तीचा म्हणून शिवी द्यायची असते तेव्हा काव्यात वेगळा शब्द येतो, ‘क्युलव्हर्त’. रोलाँ तो ओळ ७६३ मध्ये गानेलाँवरच फेकतो.

मात्र सेवेचा अर्थ पार पुसून नुसतं ‘वीर’ लिहिणं हीही चूकच. ‘वासाल’ शब्दाचं मूळ गॉलिश या प्राचीन केल्टिक भाषेतल्या ‘सेवक’ या अर्थाच्या शब्दात आहे, आणि धन्यासाठी माणसाने हाल सोसावेत हे रोलाँ १०१० व्या ओळीत स्वतःच बोलतो. मराठीत याच्या सर्वांत जवळचा शब्द ‘पाईक’. तुकोबांच्या पाइकीच्या अभंगांतही चाकरी आणि शौर्य एकजीव आहेत. माणसासाठी पाईक आणि गुणासाठी मर्दुमकी, ही जोडी बहुतेक ठिकाणी चालते. सरंजामी कायद्याबद्दलच्या लेखनात ‘मांडलिक’ ठीक आहे, इथे नाही.

काव्यात हा शब्द कुठे कुठे येतो ते स्वतः मोजणार असाल, तर आधुनिक स्पेलिंगवर विसंबू नका. जुन्या फ्रेंचमध्ये बहुतेक पुल्लिंगी नामांच्या एकवचनात कर्त्याच्या रूपाला शेवटी ‘एस’ लागतो, कर्माच्या रूपाला लागत नाही, अनेकवचनात याच्या उलट होतं, आणि ऑक्सफर्डचा लेखनिक हा नियम अनेकदा मोडतो. म्हणून शब्दाच्या सुरुवातीच्या ‘व्ही-ए-एस’ या तीन अक्षरांवर शोध घ्या आणि नको ते हाताने गाळा. प्रत्येक नोंदीपुढे ओळ क्रमांक, कोण बोलतंय आणि कोणाबद्दल, एवढं लिहा. बोलणारा कवी की पात्र, हा रकाना रिकामा ठेवलात तर गानेलाँची ओळ नक्की चुकते. आणि क्रमांक ऑक्सफर्ड प्रतीचेच घ्या, इतर हस्तलिखितांचे आकडे जुळत नाहीत.