मावळ लोकसभा मतदारसंघाची हद्द नेमकी कशी बघायची

नाव मावळ, त्यामुळे खूप जणांना वाटतं की लोणावळा, तळेगाव, वडगाव झालं की संपला मतदारसंघ. पण घाट उतरून खाली गेलात तरी तो संपत नाही, थेट उरणच्या समुद्रापर्यंत जातो. हा मतदारसंघ 2008 च्या मतदारसंघ पुनर्रचनेत नव्याने तयार झाला, 2009 ला इथे पहिली लोकसभा निवडणूक झाली, तरी अजून लोकांचा गोंधळ होतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे जिल्ह्यावरून सुरुवात करू नका, तिथेच चुकतं. लोकसभेच्या हद्दीचं वेगळं वर्णन पुनर्रचनेच्या आदेशात नसतंच, फक्त कुठले विधानसभा मतदारसंघ त्यात येतात तेवढं दिलेलं असतं. मावळचा लोकसभा क्रमांक 33, आणि त्यात सहा विधानसभा आहेत: रायगड जिल्ह्यातल्या पनवेल 188, कर्जत 189, उरण 190, आणि पुणे जिल्ह्यातल्या मावळ 204, चिंचवड 205, पिंपरी 206. म्हणजे आधी आपली विधानसभा शोधायची, लोकसभा आपोआप कळते.

कर्जत बघताना सांभाळा, हे रायगडचं कर्जत, माथेरानवालं. कर्जत-जामखेड वेगळं, ते अहिल्यानगर (आधीच्या नगर) जिल्ह्यात.

आता विधानसभेची हद्द. ती तालुका, तलाठी सजा (एका तलाठ्याकडची गावं), महसूल मंडळ (असे काही सजे मिळून) आणि शहरात वॉर्ड अशी लिहिलेली असते, त्यामुळे गाव शोधायचं तर आधी आपला सजा आणि मंडळ कुठलं ते तलाठ्याकडून कळून घ्या, नुसतं तालुक्याचं नाव बघून ठरवू नका, कारण तालुका फुटलेला असू शकतो. खालापूरचंच बघा ना, काही भाग कर्जतमध्ये आणि काही उरणमध्ये.

शहरात अजून एक घोळ आहे. आदेश 2001 च्या जनगणनेवर केलाय, त्यामुळे त्यातले वॉर्ड नंबर तेव्हाचे आहेत, आत्ताच्या नगरसेवकाच्या प्रभागाशी ते जुळवत बसू नका. पनवेल महानगरपालिका तर 2016 ला झाली, ती आदेशात सापडणारच नाही.

एवढी शोधाशोध नको असेल तर मतदार ओळखपत्राचा नंबर घेऊन निवडणूक आयोगाच्या ECINET ॲपवर (आधीचं वोटर हेल्पलाइन) बघा किंवा 1950 ला फोन करा. विधानसभा, मतदार यादीचा भाग क्रमांक सगळं मिळतं. माझ्या मते गावाच्या सीमेवर किंवा सोसायट्यांच्या गर्दीत राहणाऱ्यांनी हेच करावं, नकाशात बोट ठेवून तिथे काही नीट कळत नाही, आणि व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या रंगीत नकाशांवर तर अजिबात विसंबू नका.

पिंपरी-चिंचवडवाल्यांनी मात्र नीट लक्ष द्या. महापालिका एकच, पण भोसरी विधानसभा शिरूर लोकसभेत जाते, पिंपरी आणि चिंचवड मावळमध्ये. त्यामुळे भोसरीतून चिंचवडला घर बदललं की पालिका तीच राहते पण लोकसभा बदलते. तेव्हा पत्ता बदलासाठी फॉर्म 8 भरा आणि निवडणुकीच्या बऱ्याच आधी भरा, नाहीतर तुमचं नाव जुन्याच यादीत राहतं आणि मत द्यायला भोसरीच्या केंद्रावर जावं लागतं.