पहिला शोधनिबंध पाठवण्यापूर्वी

विद्यापीठ अनुदान आयोगाने फेब्रुवारी २०२५ मध्ये मान्य नियतकालिकांची ‘यूजीसी केअर’ यादी बंद करत असल्याचे जाहीर केले आणि ‘यादीत आहे ना, मग पाठवा’ एवढ्यावर भागवण्याची सोय संपली. छत्रपती संभाजीनगर, नांदेड किंवा परभणी येथे पीएच.डी. करणाऱ्या विद्यार्थ्याला नियतकालिकाची पारख आता मार्गदर्शकांशी बोलून स्वतःच करावी लागते.

ही पारख आयएसएसएन पाहून उरकू नये. तो आठ अंकी क्रमांक नियतकालिकाची ओळख पटवतो, दर्जाची हमी देत नाही. त्याऐवजी मागील अंकांतील दोन लेख नीट वाचावेत, संपादक मंडळातील काही नावे घेऊन त्या प्राध्यापकांच्या स्वतःच्या विद्यापीठाच्या संकेतस्थळावर त्यांची माहिती पडताळावी. शुल्क आकारले जाते एवढ्यावरून नियतकालिक खोटे ठरत नाही. मात्र लेख वाचण्याआधीच स्वीकृतिपत्र आणि पाठोपाठ पैसे भरण्याचा क्यूआर कोड आला, तर समीक्षण, म्हणजे विषयातील तज्ज्ञांकडून लेखाची तपासणी, झालेलेच नाही हे उघड आहे. नामांकित नियतकालिकाचे नाव आणि क्रमांक उचलून हुबेहूब बनावट संकेतस्थळ उभारण्याचे प्रकारही घडतात. म्हणून ई-मेलमधील दुव्यावर न जाता आयएसएसएन पोर्टलवरील नोंद आधी पाहावी. आपल्याकडे एकदिवसीय चर्चासत्राच्या विशेषांकात शेकडो लेख एका दमात छापण्याची प्रथा रूढ आहे. तेथे लेख देण्यास हरकत नाही, पण समीक्षण कोणी केले हे आयोजकांना विचारावे आणि उत्तर मिळाले नाही तर तो लेख ‘समीक्षित’ या रकान्यात दाखवू नये.

लेखक कोण, हा प्रश्न त्याहून अवघड आहे, कारण तो नियमांपेक्षा नात्यांचा आहे. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने चार अटी सांगितल्या आहेत आणि इतर शाखांनाही त्या उपयोगी पडतात: संशोधनाची आखणी, माहितीचे संकलन किंवा विश्लेषण यांत भरीव वाटा; मसुदा लिहिण्यात किंवा त्यात महत्त्वाची सुधारणा करण्यात सहभाग; अंतिम मसुद्याला मान्यता; आणि संपूर्ण कामाची जबाबदारी. या चारही अटी पूर्ण झाल्या पाहिजेत. मार्गदर्शकांनी आखणीत आणि मसुद्यात काम केले असेल, तर त्यांचे नाव हक्काने येते. प्राचार्य किंवा विभागप्रमुख या पदामुळे मात्र ते येत नाही. ही गोष्ट लेख पूर्ण झाल्यावर काढली तर वाईटपणा पदरी पडतो. त्यामुळे आरंभीच, ‘सर, कोणी काय काम केले हे नियतकालिकाला लेखी द्यावे लागते, तर आताच ठरवून ठेवू या का?’ असे विचारावे. टंकलेखन किंवा केवळ प्रश्नावल्या भरून घेण्याचे काम ज्यांनी केले, त्यांचा उल्लेख ऋणनिर्देशात करावा.

वाङ्मयचौर्याबाबत आयोगाचे २०१८ चे विनियम लागू आहेत. त्यांनुसार इतरांच्या मजकुराशी १० टक्क्यांपर्यंतच्या साम्यासाठी दंड नाही. १० ते ४०, ४० ते ६० आणि ६० टक्क्यांहून अधिक असे पुढचे तीन स्तर असून प्रबंधातील साम्य शेवटच्या स्तराचे ठरल्यास नोंदणीच रद्द होते. परंतु टक्का कमी आला म्हणजे लेख स्वच्छ झाला, असे मुळीच नाही. इंग्रजी लेखातील परिच्छेद मराठीत उतरवून संदर्भ गाळला, तर सॉफ्टवेअरच्या नजरेतून तो सुटू शकतो; कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमधील मजकूर सॉफ्टवेअरला मराठी अक्षरे म्हणून ओळखताच येत नाही आणि अहवालात साम्य फसवे कमी दिसते. म्हणून तपासणीसाठी युनिकोडमधील फाइल द्यावी आणि भाषांतरित उताऱ्यालाही मूळ लेखकाचा संदर्भ जोडावा. स्वतःचा पूर्वी छापलेला मजकूर पुन्हा वापरताना तसे नमूद करावे.

क्षेत्रीय माहिती गोळा करताना संमतीकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांच्या मुलाखती घेणारा विद्यार्थी प्रथम मजुरांची टोळी आणणाऱ्या मुकादमाला भेटतो आणि मुकादम ‘विचारा काय विचारायचं ते’ म्हणाला की काम सुरू होते. ज्या माणसाकडून उचल (मजुरीची आगाऊ रक्कम) घेतली आहे त्याच्यासमोर मजूर नाही म्हणू शकत नाही, त्यामुळे ती मजुराची संमती नव्हे. मुकादम जवळ नसताना प्रत्येकाला, नवरा-बायकोच्या ‘कोयत्या’तील, म्हणजे जोडीने ऊस तोडणाऱ्यांपैकी, बाईलाही वेगळे, हेतू समजावून सांगावा. वाचता येत नसेल तर मजकूर वाचून दाखवून साक्षीदारासमोर अंगठा घ्यावा आणि मध्येच थांबण्याची मुभा असल्याचे सांगावे. लेखात केवळ नाव बदलून भागत नाही. तांडा, वय आणि मुलांची संख्या एकत्र छापली की गावातला कोणीही ती बाई ओळखतो.

लेख एका वेळी एकाच नियतकालिकाकडे पाठवावा. दुसरीकडे द्यायचा असेल, तर पहिल्याकडून तो मागे घेतल्याची लेखी पोच आधी मिळवावी.

छापल्यानंतर कोष्टकातील आकडा चुकल्याचे लक्षात आले, तर स्वतःहून संपादकांना कळवावे. प्रकाशनातील नीतिनियमांसाठी १९९७ पासून काम करणाऱ्या ‘कोप’ या संस्थेच्या मार्गदर्शनानुसार लेख मागे घेण्याचा हेतू लेखकाला शिक्षा करणे हा नसून नोंद दुरुस्त करणे हा आहे, आणि किरकोळ चुकीसाठी शुद्धिपत्र पुरते. तोच लेख प्रबंधाला जोडला असेल, तर शुद्धिपत्राची प्रत मार्गदर्शकांमार्फत संशोधन केंद्रालाही द्यावी.