गुडघा बदलण्याआधीचे सहा आठवडे

गुडघ्याच्या सांधेरोपणाची तारीख ठरली की घरात खर्च, विमा आणि कोणत्या कंपनीचा सांधा बसवायचा याचीच चर्चा चालते. मात्र शस्त्रक्रियेच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभे राहायचे असते ते रुग्णाला, आणि वर्षानुवर्षे दुखरा पाय जपल्यामुळे त्याच्या मांडीचा पुढचा स्नायू सुकलेला असतो. तयारी तिथूनच सुरू करावी.

पलंगावर पाय लांब करून बसावे, टॉवेलची घट्ट गुंडाळी गुडघ्याखाली ठेवावी आणि गुडघ्याने ती खाली दाबून ५ ते १० आकडे मोजावेत. मांडीवर हात ठेवल्यास स्नायू टणक झालेला आणि वाटी किंचित वर सरकलेली जाणवते. तसे जाणवत नसेल तर जोर कंबरेतून लागतो आहे असे समजावे. असे १० वेळा, दिवसातून तीनदा करावे. याखेरीज पाय सरळ ठेवून वीतभर उचलणे आणि टाच गादीवरून घासत जवळ ओढणे हे व्यायाम सोसतील तेवढे करावेत. वॉकरही आधीच आणून त्यावर चालण्याचा सराव करावा, कारण टाके ताजे असताना नवे काही शिकणे जड जाते.

नव्या सांध्याचा खरा शत्रू म्हणजे जंतुसंसर्ग. त्यामुळे किडलेला दात, लघवीची जळजळ, बोटांमधल्या चिखल्या, टाचांच्या भेगा यांतले काहीही डॉक्टरांपासून लपवू नये. मधुमेह असल्यास तीन महिन्यांची सरासरी साखर आटोक्यात आणावी लागते. तंबाखू किमान चार आठवडे आधी बंद करावी. मिश्रीही तंबाखूच आहे, हे घरातल्या बायकांना मुद्दाम सांगावे लागते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या आणि रोजची चूर्णे यांची यादी डॉक्टरांना दाखवावी, स्वतःच्या मनाने मात्र काही बंद करू नये.

घरातली सुटी पायपुसणी उचलावीत, रात्री न्हाणीघराच्या वाटेवर दिवा राहील असे पाहावे आणि भारतीय पद्धतीचा संडास असेल तर कमोडची खुर्ची आणून ठेवावी.

मनाची तयारी म्हणजे नुसता धीर देणे नव्हे. पहिले दोन आठवडे दुखते, रात्री झोप मोडते, सूज काही महिने राहू शकते, टाक्यांच्या बाहेरच्या बाजूला बधिरपणा जाणवतो आणि चालताना कधी ‘टक्’ असा आवाजही येतो, हे आधी ठाऊक असले म्हणजे ऐन वेळी घाबरगुंडी उडत नाही. मांडी घालून पूजेला बसता येईल का, हा प्रश्न शस्त्रक्रियेपूर्वीच स्पष्ट विचारावा. बहुतेकांना पुढे खुर्चीचीच सवय करावी लागते. आणि ‘शेजारच्या काकू आठव्या दिवशी जिना चढल्या’ असे सांगणाऱ्या पाहुण्यांना सुरुवातीचे काही दिवस फोनवरच थोपवावे.